छतावरची वीज आणि नेट मीटरचा हिशेब

ऊस विकास अधिकारी



ऊस विकास खात्याने विजेवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेले वर्षभर लागणीच्या नोंदी घेत, बेणेमळे पाहत गटागटांतून फिरताना हुमणीच्या आणि खोडकिडीच्या चौकशीइतकाच एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, घरावर सोलर बसवू का? बिल शून्य येतंय म्हणत्यात, आन् वर पैसंबी मिळत्यात." उसाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला की आठ-पंधरा दिवसांत सोलरवाले गावात येतात, ही गोष्टही आता नवी राहिलेली नाही. त्यांतले पुष्कळजण सचोटीने धंदा करतात. पण घरचा वापर न विचारता, जिना चढून नुसते छत पाहून "पाच किलोवॅट बसतंय" असे सांगणारेही आहेत, आणि त्यांचे ऐकून कर्ज काढलेले सभासद मला भेटलेले आहेत. योजना चांगली आहे. हिशेब मात्र आपला आपण करावा लागतो, आणि त्यासाठी नेट मीटर म्हणजे काय हे आधी नीट समजले पाहिजे.

काट्यावरचे निव्वळ वजन

नेट म्हणजे निव्वळ. हा शब्द ऊस उत्पादकाला नवा नाही. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन होते. गव्हाणीजवळ ऊस खाली केल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन्हींची वजाबाकी ते उसाचे निव्वळ वजन, आणि बिल निघते ते त्या वजनाचेच. नेट मीटरही अशाच दोन नोंदी ठेवतो. लाइनवरून घरात आलेल्या विजेची एक नोंद, तिला आयात किंवा इम्पोर्ट म्हणतात. घरातून लाइनवर गेलेल्या विजेची दुसरी, ती निर्यात किंवा एक्सपोर्ट. महिनाअखेरीस आयातीतून निर्यात वजा करायची, जे युनिट उरतील तेवढ्याचेच बिल.

हे होते कसे ते पाहू. छतावरचे पॅनेल दिवसा, मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत जोरात वीज तयार करतात. त्या वेळी निम्मे घर शेतावर असते. फ्रीज, एखादा पंखा, फार तर दुपारचा टीव्ही एवढाच वापर. घराला लागते ती वीज आधी घरातच खर्च होते. उरलेली साठवायला बॅटरी नसते, म्हणून ती मीटरमधून उलटी लाइनवर जाते. तिथे ती काही महावितरणच्या गोदामात जाऊन बसत नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीत नाहीतर पलीकडच्या आळीत त्याच क्षणी खर्च होते. रात्री आपण दिवे, पंखे, मोटार लावतो तेव्हा लाइनवरून वीज घेतो. म्हणजे लाइन हीच आपली कणगी. दिवसा टाकायचे, रात्री काढायचे, आणि टाकले किती व काढले किती याची नोंद मीटर ठेवतो.

इथेच पहिला घोटाळा होतो. एका गटातील वयस्कर सभासदांनी मला बिल दाखवून विचारले, "इन्व्हर्टरच्या पाटीवर दोनशे चाळीस युनिट दिसत्यात, आन् बिलात निर्यात एकशे चाळीसच. शंभर युनिट गेली कुठं? मीटर चोरतंय काय?" मीटर चोरत नव्हता. ती शंभर युनिट दिवसा त्यांच्याच फ्रीजने आणि पंख्याने खाल्ली होती. घरातल्या घरात खर्च झालेली वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती ना आयातीत दिसते ना निर्यातीत. घरच्या रानातला भाजीपाला घरीच खाल्ला तर तो बाजार समितीच्या पट्टीवर कसा येईल? तरीही त्या शंभर युनिटांचा फायदा पुरेपूर मिळालेला असतो, कारण तेवढी वीज विकत घ्यावी लागलेली नाही.

कारखाना विकतो, आपण वळते करतो

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. सहवीज प्रकल्प असलेले साखर कारखाने हंगामात बगॅसवर वीज तयार करतात, स्वतःची गरज भागवून उरलेली ग्रीडला देतात, आणि त्याचे पैसे येतात. सभासद हे वर्षानुवर्षे अहवालात वाचत आलेले आहेत. मग घरावरच्या विजेचेही तसेच पैसे येणार असे वाटणे साहजिक आहे. तसे नाही. कारखान्याचा वीज खरेदी करार असतो. ठरलेल्या दराने युनिटचे रुपये होतात. घरच्या नेट मीटरमध्ये युनिटच्या बदल्यात युनिट मिळते, रुपये नव्हे. जे युनिट टाकले ते त्याच ग्राहक क्रमांकाच्या बिलात वळते होते, एवढेच. आपल्या गरजेच्या आत असलेले युनिट म्हणूनच मोलाचे, आणि गरजेच्या बाहेर गेलेले युनिट स्वस्त.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छतावरील सौर विजेसाठी नेट मीटरचे विनियम प्रथम २०१५ मध्ये केले व त्यांच्या जागी २०१९ च्या अखेरीस नवे आणले. त्यांत हिशेबाची रीत अशी आहे: एखाद्या महिन्यात निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली तर जादा युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात. त्या महिन्यातही उरले तर आणखी पुढे. पण ही ओढाताण ३१ मार्चला थांबते. आर्थिक वर्षाच्या शेवटी जे युनिट शिल्लक असतील ते वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. सोसायटीच्या पीककर्जाची ३१ मार्च ज्यांना पाठ आहे त्यांना ही तारीख वेगळी लक्षात ठेवायला नको.

या तारखेचा एक बारीक परिणाम आहे, तो सोलरवाले सहसा सांगत नाहीत. थंडीत पंखे बंद असतात, ऊन स्वच्छ असते, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत शिल्लक वाढते. ती मार्चअखेर संपली नाही तर कमी दराने जाते. उलट एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतात, कारण ते त्याच वर्षाच्या खात्यात असतात. तेव्हा पाण्याचा गिझर, शिलाई मशीन, घरगुती वापराची जी काही जादा वीज लागणार असेल ती थंडीच्या महिन्यांत मोकळ्या हाताने वापरावी. त्या वेळी काटकसर करून शिल्लक टाकण्यात फारसा अर्थ नाही.

किती किलोवॅट बसवावेत?

खरा प्रश्न हा आहे, म्हणून यावर जरा थांबू. आपल्या भागात १ किलोवॅटच्या पॅनेलला छायारहित अशी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज मिळते. ही सरासरी झाली. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, पावसाळ्यात पुष्कळ कमी.

आता बिल उलगडून बघा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढचा चौथा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यातले युनिट जवळपास दुपटीने महाग पडते, त्यापुढचे आणखी महाग. नेट मीटरने युनिट कमी होतात ते वरून, म्हणजे महाग टोकाकडून.

समजा एका घराचा वापर महिन्याला २५० युनिट आहे, आणि आपण किलोवॅटला १२० युनिट धरू. पहिल्या किलोवॅटने बिल १३० युनिटवर येईल. वाचलेले सगळेच्या सगळे १२० युनिट दुसऱ्या, महाग टप्प्यातले. दुसरा किलोवॅट बसवला तर बिल १० युनिटवर येईल. पण या वेळी वाचलेल्या १२० पैकी ३० महाग आणि ९० स्वस्त टप्प्यातले. तिसरा बसवला तर उरलेले १० युनिट संपतील आणि ११० युनिट शिल्लक पडतील. दर महिन्याची अशी शिल्लक मार्चअखेर कमी दराने जाणार. पॅनेल तेच, छत तेच, पैसे जवळपास तेवढेच, पण पहिल्या किलोवॅटची कमाई आणि तिसऱ्याची कमाई यांत जमीन-अस्मानाचा फरक. खताच्या मात्रेचेही असेच असते हे आपण चर्चासत्रातून सांगतच असतो. शिफारशीपर्यंत प्रत्येक पोते काहीतरी देते, त्यापुढचे पोते नुसते निचऱ्याच्या पाण्याबरोबर जाते.

सरकारी अनुदानही याच दिशेने बोलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आणली. तिच्यात २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा संच बसवा, अनुदान ७८,००० च. पाच किलोवॅट बसवणाऱ्याचे शेवटचे दोन किलोवॅट पूर्ण त्याच्या खिशातले.

म्हणून छत मोजण्याआधी बिल मोजा. मागच्या बारा महिन्यांचे युनिट मांडा, बेरीज करा, तिला १,३०० ने भागा. येईल तो आकडा किलोवॅट. वर्षाला १,२०० युनिट वापरणाऱ्या घराला १ किलोवॅट पुरे. महिन्याला साठ-सत्तर युनिटवर भागणाऱ्या घराने तर घाई करूच नये. त्याची सगळी वीज मुळातच स्वस्त टप्प्यात आहे. ज्या घरी लवकरच इलेक्ट्रिक गाडी किंवा विजेची शेगडी येणार आहे त्यांनी थोडी जागा धरून चालायला हरकत नाही. तथापि "मुलगा पुण्याहून येईल तेव्हा एसी लावू" या भरवशावर दोन किलोवॅट वाढवू नयेत.

बिल अगदी शून्य येते का? येत नाही. स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. "शून्य बिल" हा बोलण्याचा शब्द आहे.

लाइट गेली की सोलरही गेले

हा मुद्दा गावात सांगितला की लोकांचा विश्वास बसत नाही. डोक्यावर रणरणते ऊन, छतावर पॅनेल, आणि लाइन गेली की घरात अंधार! तरी हे खरे आहे आणि मुद्दाम केलेले आहे. नेट मीटरवरचा साधा इन्व्हर्टर लाइनच्या विजेशी ताल धरून चालतो. लाइन बंद झाली की क्षणात तोही बंद होतो. समजा तो बंद झाला नसता, तर आपल्या छतावरची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे गेली असती, आणि तिथे लाइन बंद आहे असे समजून काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतले असते. तेव्हा कोणी "थोडी वायरिंग बदलून लाइट गेल्यावरही चालू ठेवून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. लाइन नसताना वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड संच असतो. तो महाग पडतो, बॅटऱ्या ठराविक वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि अनुदान सौर क्षमतेवर आहे, बॅटरीवर नाही.

आता याचा परिणाम आपल्या सभासदांवर कसा होतो ते पाहा. गावठाणात ज्यांचे घर आहे त्यांना गावठाण फीडरवरून बहुतेक वेळ लाइन असते. त्यांना फारशी अडचण नाही. पण आपले कितीतरी सभासद मळ्यातल्या वस्तीवर राहतात, आणि वस्तीची लाइन शेतीपंपाच्या फीडरवर असते. थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्रीच्या पाळीने. मधल्या वेळी सिंगल फेज असलीच तर दाब कमी-जास्त होणार. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरी इन्व्हर्टर बंद पडतो. दिवसा जितके तास लाइन नाही, तितके तास पॅनेलची कमाई नाही. किलोवॅटला १२० युनिट हा आकडा दिवसभर लाइन असेल तरच खरा. वस्तीवरच्या सभासदांनी आठवडाभर वहीत टिपून ठेवावे, सकाळी नऊ ते चारमध्ये लाइन किती वेळ होती आणि किती वेळा गेली. हे सात दिवसांचे टिपण सोलरवाल्याच्या रंगीत पत्रकापेक्षा जास्त उपयोगी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे काम ज्या फीडरवर पूर्ण होऊन दिवसा वीज नियमित झाली आहे, तिथली गोष्ट वेगळी. तिथे वस्तीवरही हिशेब जमतो.

जाता जाता आणखी एक खुलासा. सौर कृषीपंप आणि घरावरचे नेट मीटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर पंप लाइनशी जोडलेला नसतो, त्याला नेट मीटर लागत नाही. आणि घरावर केलेली वीज मोटारीच्या बिलात वळती होत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारची मोफत विजेची योजना आहेच.

आजोबांच्या नावाचे मीटर

कागदपत्रांत सर्वांत जास्त गाडी अडते ती नावावर. मीटर आजोबांच्या नावे, आजोबा वारून वीस वर्षे झाली, घर तीन भावांत, बिल भरतो धाकटा, आणि बँक खाते सुनेचे. अर्ज वीज ग्राहकाच्या नावे होतो आणि अनुदान त्याच्याच खात्यावर जमा होते. म्हणून आधी महावितरणकडे नावात बदल करून घ्यावा, थकबाकी असेल तर भरावी, मगच सोलरचे बघावे. भावांची संमती लेखी घ्यावी. छत सामायिक आणि बिल एकट्याचे, हे पुढे भांडणाचे कारण होते. बांधावरून भांडणे काय कमी आहेत?

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक घालून होतो. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळाली असे धरले जाते, आणि मंजूर भार कमी असेल तर तो वितरण कंपनीनेच त्या प्रमाणात वाढवून द्यायचा असतो. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे आणि पॅनेल देशी बनावटीचे असावेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. अनुदान काम पूर्ण होऊन, नेट मीटर बसून, तपासणी झाल्यानंतर येते. म्हणजे सुरुवातीची रक्कम आपण किंवा बँकेने उभी करायची. ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. योजना आली तेव्हा व्याज सुमारे ७ टक्के होते. विक्रेत्याला सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. काही हिस्सा नेट मीटर चालू झाल्यावर देण्याचे लेखी ठरवावे, कारण पॅनेल बसले आणि मीटर दोन महिने आला नाही अशी उदाहरणे आहेत, आणि मधल्या काळात पैसे देऊन बसलेल्या माणसाचा फोन कोणी उचलत नाही.

करार करताना त्यात "नेट मीटरिंग" लिहिले आहे की "नेट बिलिंग" हे वाचून घ्यावे. नेट बिलिंगमध्ये युनिटला युनिट वळते होत नाही. घेतलेल्या विजेला पूर्ण दर आणि दिलेल्या विजेला आयोगाचा कमी दर लागतो. घरगुती ग्राहकाला नेट मीटरिंगच सोयीचे.

धूळ, काजळी आणि वळीव

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या पट्ट्यात सुमारे १७ अंशांच्या उतारावर असावेत. नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचे उत्पादन घटते, हे बसवतानाच बघावे. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आणि स्लॅबमध्ये घट्ट बसवलेला हवा, कारण एप्रिल-मेचा वळीव पत्रे उडवतो तिथे पॅनेलची काय कथा. वीजरोधक आणि अर्थिंग यांत पैसे वाचवू नयेत.

हंगामात ऊस वाहतुकीची धूळ आणि चिमणीची काजळी यांचा थर पॅनेलवर बसतो. रस्त्याकडेच्या व कारखाना परिसरातल्या घरांनी पंधरवड्यातून एकदा तरी, सकाळी पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने ते धुवावेत. बोअरचे क्षाराचे पाणी वापरून तसेच वाळू दिले तर पांढरा थर धरतो. पाचट पेटवणाऱ्या शेजाऱ्याचा धूरही शेवटी आपल्याच पॅनेलवर येऊन बसतो. पाचट जाळू नका हे एरवी आम्ही जमिनीसाठी सांगतो, आता हे आणखी एक कारण झाले.

ज्या सभासदांना आपल्या घराचा हिशेब करून बघायचा आहे त्यांनी मागील बारा महिन्यांची वीजबिले, आणि वस्तीवर राहत असल्यास लाइनचे आठवड्याचे टिपण घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. कार्यालयीन वेळेत गट अधिकारी युनिटची बेरीज करून किती किलोवॅट पुरेसे आहेत ते कागदावर मांडून देतील. विक्रेता कोणता घ्यावा हे मात्र आम्ही सांगणार नाही.